टॅपेटचा आवाज आणि ०.०५ ची पत्ती

"मामा, गाडी बघा कशी एकदम गप्प झाली!" असे माझा भाचा मोठ्या कौतुकाने म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी वाळूजच्या एका कारखान्यात वीसेक वर्षे इन्स्पेक्शन विभागात काढलेली. माप हाच माझा धंदा. पण सणासुदीचे दिवस होते, घरात पाहुणे होते, आणि पोरगा खुशीत होता. मीही मान डोलावली व विषय संपला.

भाचा शहरात पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. शंभर सी.सी.ची जुनी मोटारसायकल, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरणे, आणि पैसे पार्सलवर. गाडी उभी तर कमाई उभी. इंजिनच्या डोक्यातून 'टिक टिक' आवाज येत होता म्हणून त्याने ती रस्त्यावरच्या एका गॅरेजला नेली. "टॅपेट वाजतंय, बंद करून द्या," एवढेच सांगितले. मिस्त्रीने चालू, तापलेल्या इंजिनवरच कान लावून स्क्रू आवळला. आवाज थांबला, दहा मिनिटांत काम झाले.

तीन-चार आठवड्यांनी रडगाणे सुरू झाले. सकाळी गाडी कशीबशी चालू व्हायची, पण तापल्यावर बंद पडली की पाच-सात किका मारल्याशिवाय उठायची नाही. उड्डाणपुलावर दम तुटायचा. सिग्नलला उभी केली की बंद. शेवटी हेड उघडले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी उंदराने कुरतडावी तशी जळून गेलेली! नवा व्हॉल्व्ह, सीटचे काम, गॅस्केट, आणि सहा दिवस घरी बसणे. त्या सहा दिवसांत वहीवाल्या दुकानदाराची उधारी किती वाढली ते माझ्या बहिणीला विचारावे.

मी त्या मिस्त्रीला दोष देत नाही. गिऱ्हाइकाने आवाज बंद करायला सांगितले, त्याने बंद केला. दोष समजुतीत आहे. टॅपेट वाजणे म्हणजे बिघाड आणि न वाजणे म्हणजे तंदुरुस्ती, असे आपण सगळेच धरून चालतो. खरी गोष्ट बरीचशी उलट आहे. सैल टॅपेट बोंबलते, घट्ट टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळते.

का जाळते ते थोडे समजून घेतले पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनात रॉकर नावाचा लहानसा दांडा व्हॉल्व्हच्या शेंड्यावर दाब देऊन तो उघडतो. दाब नसताना रॉकर आणि व्हॉल्व्हचा शेंडा यांच्यात बारीकशी गॅप ठेवलेली असते, कारण इंजिन तापले की आतले सुटे भाग प्रसरण पावतात. गॅप राहिलीच नाही तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही. आता व्हॉल्व्ह आपली उष्णता सर्वात जास्त कुठे सोडतो? त्या सीटवरच, बसलेला असताना. बसायलाच मिळाले नाही तर उष्णता जाणार कुठे? वर फटीतून जळता वायू सुटतो आणि नेमकी तीच कड भाजून काढतो. गाडी मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी चालली तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला अडीच हजार वेळा उघडमीट करतो, म्हणजे तासाला दीड लाख वेळा. एवढ्या वेळा थोडे थोडे भाजले तर पोलाद तरी किती टिकेल?

आणखी एक गोष्ट. कॅम आणि रॉकर झिजले की गॅप वाढते व आवाज येतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो तेव्हा त्याचा शेंडा वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होते. म्हणजे कोणी हात न लावताही गाडी दिवसेंदिवस शांत होत जाते, आणि मालक खूश असतो!

म्हणून कान हे टॅपेटचे माप नव्हे. माप म्हणजे फिलर गेज, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला नुसते 'फिलर' म्हणतात ते. चाकूसारख्या मुठीत बसवलेल्या पोलादी पत्त्या, प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली. गॅपमध्ये पत्ती घालायची व गॅप किती ते ओळखायचे. इतके साधे हत्यार असूनही घेताना बहुतेक जण फसतात, आणि आम्हीही पहिल्यांदा फसलोच.

आपण मोजतो आहोत ते किती बारीक आहे, याची कल्पना आधी यावी. सुतार-गवंडी सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मि.मी.हून थोडे जास्त. त्यापुढे वहीचा कागद पातळ वाटतो, पण तोही साधारण ०.१० मि.मी. भरतो. दाढीचे दुधारी ब्लेड तेवढेच, ०.१०. भाच्याच्या गाडीच्या माहितीपुस्तकात दोन्ही व्हॉल्व्हची गॅप दिली होती ०.०५ मि.मी., म्हणजे ब्लेडच्या निम्मी. अनेक गॅरेजांत ब्लेड घालून टॅपेट लावण्याची रीत आहे. गॅप ०.१० हवी असेल तेथे ते एकवेळ चालून जाईल. ०.०५ च्या जागी ब्लेड घातले तर दुप्पट गॅप सुटते. आवाज येतो, मग गिऱ्हाईक तक्रार करते, मग कानाने आवळणे आले.

ही ब्लेडची आणि कानाची सवय आली कुठून? एके काळी आपल्या रस्त्यांवर राजदूत, लुना, जुनी टू-स्ट्रोक चेतक यांचे राज्य होते. टू-स्ट्रोक इंजिनात असे व्हॉल्व्हच नसतात, मग टॅपेट कुठले! मेकॅनिकला फिलर लागे तो प्लगच्या गॅपसाठी, सहा-सात दशांश मि.मी., आणि पॉइंटच्या गॅपसाठी, तीन-चार दशांश. तेथे शंभराव्या भागाचे कोणी विचारत नव्हते. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पल्सर आली, आणि बघता बघता सगळा रस्ता फोर-स्ट्रोक झाला. गाड्या बदलल्या, पण पुष्कळ ठिकाणी पेटीतला फिलर तोच जुना राहिला.

बाजारात सर्रास मिळणारा फिलरही त्याच जुन्या गरजेचा आहे. हा धडा आम्हाला असा मिळाला : माझी भाची, म्हणजे त्या पोराची थोरली बहीण, आय.टी.आय.त फिटरचा कोर्स करून आलेली. गाडीची ती गत बघून तिने ठरवले की वस्तीतल्या पार्सलवाल्या पोरांच्या गाड्यांचे टॅपेट आपणच लावायचे, रविवारी, घरासमोरच्या अंगणात. पुढे जमले तर गॅरेज. मोठी हत्यारे घ्यायला पैसे नव्हते. भाऊ बाजारातून वीस पत्त्यांचा फिलर घेऊन आला. "वीस आहेत मामा, दुकानदार म्हणाला सगळ्या गाड्यांना चालतो!" मी पत्त्या उलगडल्या. ०.०५, ०.१०, ०.१५, ०.२०... अशा १ मि.मी.पर्यंत. वीसपैकी आमच्या कामाच्या किती? दोन! उरलेल्या अठरा मुठीत बसून नुसत्या वजन वाढवणार.

तेव्हा फिलर घेताना पत्त्या किती आहेत ते विचारू नये. सर्वात पातळ पत्ती कितीची आणि तिच्यानंतरची कितीची, ते विचारावे. शंभर ते दीडशे सी.सी.च्या स्क्रूवाल्या गाड्यांसाठी ०.०३ किंवा ०.०४ पासून ०.१० पर्यंत शंभराव्या भागाच्या टप्प्याने चढणारा संच हवा, आणि वर ०.१२, ०.१५, ०.२० असल्या तर उत्तम. असा संच कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नसतो, मशीन टूलच्या दुकानात विचारावा लागतो. साधा फिलर शंभर-दोनशे रुपयांत येतो, बारीक टप्प्याचा चांगल्या कंपनीचा त्याच्या काही पट पडतो. पण एक व्हॉल्व्ह वाचला तरी पैसे वसूल.

बारीक टप्पा कशासाठी, असे भाच्याने विचारलेच. "०.०५ ची गॅप ठेवायची, ०.०५ ची पत्ती आहे, मग भागलं की!" इथेच मुद्दा आहे. ०.०५ ची पत्ती गॅपमध्ये गेली, यावरून फक्त एवढेच कळते की गॅप ०.०५ पेक्षा कमी नाही. ती ०.०८ असली तरी पत्ती जाईलच. म्हणून कारखान्यात आम्ही नेहमी दोन मापांनी तपासायचो, एक जाणारे व एक न जाणारे. टॅपेटला तीच रीत लावावी. ०.०५ ची पत्ती किंचित ओढ देत सरकली पाहिजे आणि ०.०७ ची शिरता कामा नये. मग गॅप या दोहोंच्या मध्ये आहे हे पक्के. काही माहितीपुस्तके ०.०२ इकडे-तिकडे चालेल असे सांगतात, काही पक्का आकडा देतात. काहींत इनलेटला एक आणि एक्झॉस्टला त्याहून मोठा आकडा असतो, कारण एक्झॉस्ट जास्त तापतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

मधली पत्ती नसेल तर दोन जोडता येतात. ०.०३ आणि ०.०४ मिळून ०.०७. मात्र दोन्ही स्वच्छ पुसून, कारण मध्ये तेलाचा थर राहिला तर तोही मापात येतो.

'किंचित ओढ' म्हणजे किती, हे सांगून कळत नाही. भाचीने त्यावर चांगली युक्ती काढली. तिच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून तिने तासाभरासाठी मायक्रोमीटर मागून आणला, तो बरोबर ०.०५ वर लावून लॉक केला आणि त्याच्या दोन तोंडांमधून ०.०५ ची पत्ती हलकेच ओढून पाहिली. मग ०.०४ ची आणि ०.०६ ची. पहिली ओढत येते, दुसरी मोकळी सुटते, तिसरी अडते. भावालाही बसवून पंधरा मिनिटे तेच करायला लावले. जाता जाता नव्या फिलरच्या पातळ पत्त्यांची जाडीही त्याच मायक्रोमीटरवर तपासून झाली. हे प्रत्येकाने करावे असे मी म्हणेन. कोरलेला आकडा आणि खरी जाडी यांची भेट एकदा तरी घडवून आणावी. स्वस्त फिलरमध्ये ती नेहमी जुळेलच असे नाही.

पत्तीची रुंदी हाही विचार करण्याचा भाग. साधारण पत्ती अर्धा इंच रुंद असते. मोटारसायकलचे टॅपेट झाकण उघडले की आत बोटभर जागा. सरळ, रुंद पत्ती तिरपी शिरते, वाकते, आणि वाकलेली पत्ती नेहमी घट्ट लागते. मग आपण गॅप जास्त ठेवून बसतो. म्हणून पुढून वाकवलेल्या, अरुंद तोंडाच्या पत्त्या मिळतात त्या घ्याव्यात. न मिळाल्यास एका जुन्या फिलरची ०.०५ ची पत्ती सुटी करून तिचे टोक कात्रीने निमुळते करावे, कडा तेलाच्या दगडावर घासाव्यात, म्हणजे बावर राहत नाही. आम्ही तेच केले.

अरुंद पत्तीचे दुसरेही कारण आहे, आणि ते फार मेकॅनिक लक्षात घेत नाहीत. जुन्या गाडीत स्क्रूचे तोंड किंवा रॉकरचा भाग व्हॉल्व्हच्या शेंड्यावर आपटून आपटून खोलगट झालेला असतो. रुंद पत्ती त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते. पत्ती म्हणते ०.०५, खड्ड्यात खरी गॅप असते ०.०८ किंवा ०.१०. माप बरोबर घेऊनही आवाज जात नाही, तो यामुळे. अशा वेळी अजून आवळणे हा उपाय नव्हे. स्क्रू काढून त्याचे तोंड नखाने चाचपावे, खड्डा लागला तर स्क्रू बदलावा. डायल गेज लावून रॉकरची खरी चाल मोजता येते, पण घरच्या अंगणात स्टँड लावून ते साधणे सोपे नाही. पहिल्या पैशात डायल घेण्याची गरज नाही असे माझे मत आहे.

स्क्रू फिरवण्याचे हत्यारही मापाच्याच कामाचे समजावे. जुन्या हिरो होंडांत स्क्रूचे डोके चौकोनी असते, त्याला टॅपेटची छोटी चावी मिळते. पक्कडीने धरून डोके गोल करू नये. गॅप लावून झाली की लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, आणि इथेच निम्मी मेहनत वाया जाते. हिशेब बघा : आट्याचा पिच अर्धा मि.मी. असेल तर स्क्रूचा पूर्ण फेरा म्हणजे ०.५०, आणि फेऱ्याचा दहावा भाग म्हणजे ०.०५, आपली सगळी गॅप! म्हणून एका हाताने चावी घट्ट धरून दुसऱ्याने नट आवळावा, आणि नट आवळल्यावर दोन्ही पत्त्या पुन्हा घालून पाहाव्यात. आधीचे माप धरू नये.

हे सर्व गार इंजिनवर. होंडाची पुस्तके इंजिन ३५ अंशांच्या खाली असताना माप घ्यायला सांगतात. आता आमच्या नागपूरकडच्या पाहुण्यांनी काय करावे? मे महिन्यात तिथे हवाच बेचाळीस-त्रेचाळीसवर जाते! त्यांनी पहाटे करावे, रात्रभर उभ्या गाडीवर. आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना, म्हणजे मॅग्नेटवरची 'टी' ची खूण जुळवून. शेजारी 'एफ' ची खूण असते, ती इग्निशनची. घाईत तीच जुळवणारे मी पाहिले आहेत. खूण जुळली तरी दोन्ही रॉकर बोटाने हलतात का ते बघावे. हलत नसतील तर कदाचित पिस्टन दुसऱ्या फेऱ्यात आहे, एक फेरा पुढे फिरवून पुन्हा बघावे.

काही गाड्यांना यातले काहीच लागत नाही. जुन्या बुलेटला, ओतीव लोखंडी इंजिनच्या, फिलरच नको. पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये, एवढेच माप. २००८-०९ पासून आलेल्या तिच्या यू.सी.ई. इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट बसवले, ते आपली गॅप आपणच सांभाळतात. विजेच्या गाड्यांचा तर प्रश्नच मिटला.

याच्या उलट, चाकणला बनू लागलेल्या के.टी.एम. ड्यूकसारख्या गाड्यांत स्क्रू नसतो, शिम असते. शिम म्हणजे गोळीएवढी पोलादी चकती, ती बदलून गॅप बदलायची. तेथे फिलरने फक्त गॅप कळते. शिमची जाडी मोजायला दुसरे हत्यार हवे, आणि इथे लोक डिजिटल व्हर्नियर घेतात कारण तो स्वस्त, आणि पडद्यावर आकडे झळकतात. हिशेब सोपा आहे : जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली गॅप मिळवायची व हवी असलेली वजा करायची. शिम २.५० ची, गॅप आढळली ०.०८, हवी ०.१३, तर नवी शिम २.४५. पण साध्या डिजिटल व्हर्नियरची चूक ०.०२ पर्यंत असू शकते, मग पडद्यावर शंभरावा भाग दिसो नाहीतर हजारावा. शिमा येतात ०.०२५ किंवा ०.०५ च्या टप्प्यांनी. म्हणजे हत्याराची चूकच जवळजवळ एका टप्प्याएवढी! शिमेसाठी शून्य ते पंचवीस मि.मी.चा मायक्रोमीटरच पाहिजे. तोही तोंडे पुसून, आधी शून्य तपासून, नेहमी मागच्या रॅचेटनेच फिरवून.

भाचीने मायक्रोमीटर घेतला नाही. तिच्याकडे येणाऱ्या गाड्या स्क्रूवाल्या, शिमेच्या गाडीला ती सरळ नाही म्हणते. बारीक टप्प्याचा एक फिलर, टॅपेटची चावी, चांगले दोन रिंगपाने, आणि एक वही, एवढ्यावर अंगणातले काम सुरू झाले. फिलर वापरून झाला की तेलाचा बोळा फिरवून प्लॅस्टिकच्या डबीत जातो. पावसाळ्यात पातळ पत्तीला गंज धरला की ती कामातून गेलीच. वहीत प्रत्येक गाडीचे किलोमीटर, उघडल्यावर आढळलेली गॅप आणि लावलेली गॅप लिहिलेली असते. आढळलेली गॅप आधी लिहायची, हात मग लावायचा, हा तिचा नियम. पुढच्या खेपेला त्यावरून गॅप वाढते आहे की कमी होते आहे ते कळते.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. जयभीम करून बसलो तोच एक पोरगा तणतणत आला. आदल्या आठवड्यात त्याची गाडी लावून दिली होती. "ताई, तुम्ही बिघडवली की हो! आधी आवाज नव्हता, आता टिकटिक करती." भाचीने वही काढली. आढळलेली गॅप, एक्झॉस्ट : ०.०३ ची पत्तीसुद्धा जात नाही. लावलेली : ०.०५. गाडी पहाटेपासून उभीच होती. तिने झाकण उघडले, खूण जुळवली, आणि फिलर त्याच्याच हातात दिला.

त्याने ०.०५ ची पत्ती घातली. सरकली. ०.०७ ची घातली. अडली. पुन्हा ०.०५ ची घातली, पुढे-मागे ओढून पाहिली.

"मग हा आवाज?"

"एवढा असायचाच, दादा. तो बंद झाला की मात्र लगेच इकडे या."

त्याने झाकण स्वतःच बसवले आणि वहीत पुढची तारीख लिहून घ्यायला सांगितली.